नागीण डोलायची थांबली

१

मशीनच्या पोटातला बोर्ड गेला होता, आणि उधन्याच्या त्या गल्लीत चोरही ठरून गेला होता. आता चोरानं कबूल करायचं तेवढं बाकी होतं.

विशाखाला हे कळलं ते पंधरा ऑगस्टच्या सकाळी, झेंडावंदनाहून परत येताना. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली म्हणून शाळेत पेढे वाटले होते. अंगावर पांढरी साडी, पदराला लावलेला कागदी झेंडा आणि हातात भावासाठी राखलेला एक पेढा, अशी ती गल्लीत शिरली. ती महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवायची, आणि सुरतेत मास्तरीण मराठी असली तरी तिला 'बेन'च म्हणतात. कॉपी पकडण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. पोरं म्हणायची, बेन पेपर वाचतच नाहीत, तोंडं वाचतात. जीभ तर अशी की मुख्याध्यापकसुद्धा तिच्याशी बोलताना फायलीत बघून बोलायचे.

छगन बोरसे आपल्या व्हिडिओ गेमच्या दुकानासमोर, भर गल्लीत उभा होता. माणूस खानदेशातला. परक्यांशी मराठी सांभाळून बोलायचा, पण डोकं फिरलं की अहिराणीवर यायचा. आज तो पहिल्या वाक्यापासून अहिराणीवर होता.

"बेन, तुमना भाऊ चोर शे."

"काय चोरलं त्यानं?"

"नवा मशीनना बोर्ड. सर्पराजना."

सर्पराज हा छगननं नुकताच आणलेला खेळ. त्यातला नायक जिंकला की नागमोडी पात्याची भलीमोठी तलवार वर धरून उभा राहतो, आणि ते बघायला पोरं डबे विसरून मशीनपाशी उभी राहतात. त्याच मशीनवर आज संध्याकाळी सुवर्णमहोत्सवी स्पर्धा व्हायची होती. बोर्ड म्हणजे त्या मशीनचा जीव. तो नसला तर उरतं ते टीव्ही ठेवलेलं कपाट. काल संध्याकाळी छगननं बटण दाबलं, पडदा काळाच राहिला, मागचं झाकण उघडून बघितलं तर आत पोकळी. मग चार जण बमरोलीला गेले आणि विशाखाच्या भावाला, प्रज्ञेशला, त्याच्या कारखान्याच्या फाटकातून धरून घेऊन आले.

"सांजले पोऱ्या गोळा व्हवाना आधी बोर्ड मशीनमा दिसना नही, तर तो चौकीमा जाई," छगन म्हणाला. "त्यानावर भरोसा ठेवा, हाईच मनी चूक. त्या लोकेसले दुकानमा लेवानंच नव्हतं."

ते लोक म्हणजे कोण, हे गल्लीत सगळ्यांना कळलं. पलीकडच्या चाळीत, जिथं दारांवर निळे झेंडे होते, तिथं विशाखाचं घर होतं.

"ते लोक म्हणजे कोण, छगनभाई?" ती म्हणाली. "जरा मोठ्यानं सांगा. आजच्या दिवशी सगळ्यांना ऐकू जाऊ द्या."

छगन दुसरीकडे बघायला लागला. बाकीचेही बघायला लागले. पण कोणी हललं नाही, आणि कोणी तिच्या बाजूनं एक शब्द बोललं नाही.

२

प्रज्ञेश घरात भिंतीला टेकून बसला होता. खालचा ओठ सुजला होता. काल तो उशिरा आला आणि तोंड फिरवून झोपला, ते का, हे तिला आता समजलं. समजल्यावर तिला आधी रडू आलं आणि मग राग आला, आणि रागच तिच्या जास्त सवयीचा होता.

"काहून बोलला नाहीस रात्री?"

"तू आधी मलाच झापली असती, ताई."

हे खोटं नव्हतं. गेला महिनाभर ती त्याला झापतच होती. प्रज्ञेश बमरोलीला चपलांच्या कारखान्यात होता आणि तिथून फोमच्या शीटची कात्रणं घरी आणत होता. पांढरी, निळी, पांढरी असे एकावर एक थर चिकटवून त्यानं घरभर त्या तलवारीचा पसारा मांडला होता. खेळात ती दिसते डोळा लवेपर्यंतच, म्हणून तो जिंकणाऱ्या पोरांच्या मागं उभा राहून वर्तमानपत्राच्या कागदावर एकेक वळण उतरवून घ्यायचा. पातं दीड वीत रुंद. आत मधल्या थरांना खिडकीसारखं कापून पोट रिकामं ठेवलेलं, म्हणजे वजन राहू नये. कडा पॉलिश पेपरनं घासून घासून धारेसारख्या केलेल्या. आणि घरभर सोल्युशनचा, चपला चिकटवायच्या त्या उग्र गमाचा, वास.

"अरे, लावलंस ना, मग दाब की," ती नाक धरून म्हणायची.

"असं नाही ताई. दोन्ही तोंडांना लावायचं आणि वाळू द्यायचं. बोटाला चिकटेनासं झालं की मग एकदा दाबायचं. मग कोणाचा बाप सुटा करू शकत नाही."

पोरखेळ, असं ती म्हणायची. पण छगनकडे त्याचं नाव घेऊन गेली होती तीच. दत्तू मखरवाल्यानं आधी दुकानात टांगायला थर्माकोलची तलवार करून दिली होती, ती पहिल्याच पोराच्या हातात मुठीपाशी मोडली आणि दुकानात हशा पिकला. तेव्हा विशाखानंच सांगितलं, माझा भाऊ करून देईल, शब्द माझा. गल्लीनं आपल्या भावाला कशासाठी तरी ओळखावं, एवढंच तिला हवं होतं. आता गल्ली त्याला ओळखत होती. चौकीत जाऊन आलेल्या पोराला कारखान्यात कोणी उभं करणार नव्हतं, आणि या गल्लीतून मान वर करून जायचं तर दोघांनाही जमणार नव्हतं.

"काल काय झालं ते सांग. पहिल्यापासून."

काल सकाळी त्यानं तलवार दुकानात दोन दोऱ्यांवर आडवी टांगली. इतकी हलकी की पंख्याच्या वाऱ्यानं डोलायला लागली, पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि तिचं नाव नागीण ठेवलं. दुपारी छगन जेवून मागच्या खोलीत झोपला. सुरतेत दुपारी दुकानं झोपतात, त्यात नवल नाही. प्रज्ञेशनं मुठीला चंदेरी रंगाचा शेवटचा हात दिला, तो वाळावा म्हणून पंखा चालूच ठेवला आणि पिशवी घेऊन सायकलवर कारखान्यात गेला.

"तू निघालास तेव्हा दुकानात कोण होतं?"

"योगेश मेकॅनिक मशीन तपासत होता. दत्तू दर्शनी भागात थर्माकोलची अक्षरं लावत होता."

"आणि पिशवीत?"

"जेवणाचा डबा."

"कोणी बघितलं तुला जाताना?"

प्रज्ञेश सुजल्या ओठानं हसला. "मंदाबाईनं. छगनच्या बायकोनं. तिनंच तर सगळ्यांना सांगितलं, पोरगा फुगलेली पिशवी घेऊन गेला म्हणून."

३

दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आत पंखा गरगरत होता आणि तिच्या पदराचा कागदी झेंडा फडफडायला लागला. टोकनांच्या खोक्यावरचं वर्तमानपत्र उडू नये म्हणून त्यावर कुलूप ठेवलं होतं. डोक्यावर नागीण निमूट लटकली होती. विशाखानं तिच्याकडे धड बघितलंही नाही. तिला त्या वस्तूचाच राग आला होता.

योगेश सर्पराजच्या मागं उकिडवा बसला होता. मान वर न करता म्हणाला, "बेन, मला विचारायला आला असाल तर मी सांगून टाकतो. मी दत्तूच्या आधी गेलो. तो मागं राहिला होता."

"असं सगळेच सांगतील."

"सांगू देत. इकडे या."

त्यानं मशीनच्या आत बोट दाखवलं. बोर्डाला जोडणारा लांबट प्लग वायरींच्या गुच्छाला लोंबत होता, त्याची एक बाजू फुटली होती आणि आतली पितळी पानं वाकडी झाली होती.

"हे सरळ मागं ओढलं की अलगद निघतं. मी रोज काढतो. हे ज्यानं काढलं त्यानं मुळा उपटावा तसं उपटलंय. मला बोर्ड चोरायचा असता तर तो चालू राहील असा नसता का चोरला? छगनभाई चार शिव्या देतात मला, पण त्यांनासुद्धा हे माहीत आहे."

"म्हणजे चोराला मशीनमधलं काही कळत नाही."

"नाही. आणि आता राग मानू नका, बेन. तुमच्या भावालाही कळत नाही."

तो खवचटपणे बोलला, पण खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारं पोर आधी उत्तर देतं आणि मग तिच्याकडे बघतं. योगेशनं तिच्याकडे बघितलंच नव्हतं. मशीनच्या मागच्या झाकणाची किल्ली वर खिळ्यालाच लटकलेली असते, हेही त्यानंच सांगितलं. म्हणजे कुलूप हे नुसतं शोभेला होतं.

दत्तू दारात स्टुलावर उभा राहून भल्यामोठ्या '५०' मधलं शून्य सरळ करत होता. गल्लीतल्या प्रत्येक गणपतीचं मखर त्याच्या हातचं. ओठांत चारपाच टाचण्या धरूनच तो बोलायचा, आणि एकेक काढून थर्माकोलमध्ये तिरपी खुपसायचा.

"मी योगेशच्या आधी गेलो," तो टाचण्यांमधून म्हणाला. "गम संपला होता. दुसरी बाटली आणायला."

"योगेश म्हणतो तो आधी गेला."

"म्हणू द्या."

"इथं प्रज्ञेशचा सोल्युशनचा डबा होता. गम संपला तर तो का नाही घेतला?"

दत्तूनं टाचण्या तळहातावर काढल्या. "त्याला हातसुद्धा लावत नाही मी. एका वर्षी नवीनच म्हणून लावलं आणि अख्खं मखर खाल्लं त्यानं. भोकं भोकं पडली. आपला पांढरा गम बरा. तुमच्या भावाला म्हणावं, तू चपला चिकटव." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "बेन, खिसे बघितले, पिशवी बघितली, सायकलची सीटसुद्धा फाडून बघितली. पण त्यानं स्वतः केलेली चीज कोणी बघितली का?"

"कोणती चीज?"

"मी काय सांगणार. मी तर थर्माकोलवाला," दत्तू म्हणाला आणि पुन्हा टाचण्या ओठांत धरल्या.

विशाखाच्या अंगाचा तिळपापड झाला. भावाबद्दल आणखी एक टोमणा, एवढंच तिला त्यातून ऐकू आलं, आणि ती तशीच तणतणत मागच्या खोलीकडे वळली. चुकलीच ती तिथं.

४

दुकान आणि छगनचं घर यांच्यामध्ये फक्त प्लायवूडचं पार्टिशन होतं. पलीकडे मंदाबाई गवार मोडत बसली होती. तिनं विशाखाला बस म्हटलं नाही.

"मी जे देखं ते सांगं," ती म्हणाली. "फुगेल पिशवी व्हती."

"डबा होता त्यात."

"असंल. मी काय हात घालीसन देखं नही." ती मराठीवर आली, कारण तिला भांडायचं होतं आणि ते बेनला नीट समजायला हवं होतं. "आणि खरं सांगू? गेला बोर्ड तर बरंच झालं. माझी दोन्ही पोरं शाळा सोडून त्या मशीनला चिकटलेली असतात. तुमचीच शाळा. तुम्हाला तरी दिसतात का वर्गात?"

"नाही दिसत."

"मग."

आणि बोर्ड नाहीसा व्हावा असं ज्यांना वाटत होतं त्यांत आता दुकानदाराची बायकोही आली होती. तिनं मंदाबाईच्या तोंडाकडे निरखून बघितलं. रागावलेली बाई. पण लपवणारी नव्हे.

"काल दुपारी तुम्ही इथंच होतात?"

"झोपायचा प्रयत्न करत होते. झोपू देईल तर ना तुमची नागीण."

"म्हणजे?"

"अहो, पंखा चालू ठेवलेला. ती मेली डोलायची आणि शेपटी या पार्टिशनवर आपटायची. थपथप, थपथप, माझ्या उशाशी. मी खिडकीतून बघितलं तर तुमचा भाऊ सायकलवर टांग टाकत होता. म्हटलं, आता तरी हे लोढणं काढून नेईल. कसलं काय. तो गेला आणि थपथप चालूच. कितीतरी वेळ चालू."

"मग?"

"मग थांबली एकदाची. तेव्हा कुठं डोळा लागला."

"पंखा कोणी बंद केला?"

"पंखा कशाला बंद होतोय. संध्याकाळी उठून गेले तेव्हाही चालूच होता, हे ओरडले माझ्यावर विजेच्या बिलावरून."

विशाखा उठली होती ती अर्ध्यातच थांबली. पार्टिशनच्या पलीकडे पंखा आत्ताही घरघरत होता. तिनं कान दिला. घरघर तेवढी ऐकू येत होती. प्लायवूडवर काहीच आपटत नव्हतं.

५

ती दुकानात आली आणि पहिल्यांदाच नागिणीकडे नीट बघितलं.

तिच्या पदराचा झेंडा फडफडत होता. दत्तूच्या थर्माकोलचा चुरा फरशीवर पळत होता. आणि महिनाभर जिच्या हलकेपणाचं कौतुक प्रज्ञेश सांगत होता ती तलवार पंख्याखाली दगडासारखी स्वस्थ होती. मुठीकडची दोरी दुसरीपेक्षा ताठ ओढलेली होती.

दत्तूचं बोलणं तिला आता ऐकू आलं. स्वतः केलेली चीज.

बोर्ड कुठं आहे ते तिला कळलं होतं, आणि तो तिथं सापडणं म्हणजे भावाचा गळा आवळणं होतं. तलवार त्याची. पोट रिकामं ठेवलं त्यानं. कोण म्हणेल दुसऱ्यानं ठेवला? तिनं गप्प राहायचं ठरवलं तर बोर्ड संध्याकाळपर्यंत मिळत नाही, आणि प्रज्ञेश चौकीत. बोलली तरी चौकीत. क्षणभर तिला वाटलं, शटर ओढावं, बोर्ड काढावा आणि गुपचूप मशीनवर ठेवून द्यावा. मग चोर कोण हे कधीच कळणार नाही आणि नाव मात्र भावाचंच राहील. नाही. ज्या गल्लीसमोर नाव गेलं त्याच गल्लीसमोर ते परत यायला हवं होतं.

"योगेश," ती म्हणाली, "ही खाली घे. छगनभाईंना बोलव. आणि कोणीतरी जाऊन माझ्या भावाला घेऊन या."

तलवार खाली आली तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. योगेशनं ती हातावर तोलली आणि त्याचं तोंड बदललं. मुठीजवळ, पात्याच्या कडेला चंदेरी रंगाचा एक पट्टा इतर ठिकाणापेक्षा घाईत ओढलेला दिसत होता. विशाखानं तिथं नख घातलं. ब्लेडनं चिरलेले दोन थर पाकिटासारखे उघडले आणि हिरव्या बोर्डाचा कोपरा बाहेर डोकावला.

मग सगळेच बोलायला लागले.

"देखा?" छगन ओरडला. "देखा, कोठे दपाडेल व्हता? दुकानमातून तलवार संगे बोर्ड काढी लई जाणार व्हता चोर!"

"मी सकाळपासून सांगतोय," दत्तू दारातून म्हणाला. "त्याचीच चीज बघा म्हणून."

कोणीतरी प्रज्ञेशची कॉलर धरली. तो सोडवून घेत नव्हता. तो फक्त बहिणीकडे बघत होता, आणि तू हे काय केलंस, असं त्या डोळ्यांत स्पष्ट होतं.

६

"कॉलर सोडा," विशाखा म्हणाली. वर्गात वापरायचा तो आवाज. कॉलर सुटली. "मंदाबाई, इकडे या. मला जे सांगितलं ते सगळ्यांना सांगा. प्रज्ञेश पिशवी घेऊन गेला तेव्हा थपथप चालू होती की थांबली होती?"

मंदाबाई पार्टिशनच्या दारात उभी होती. तिला हे आवडलं नव्हतं, पण आपलं बोलणं कोणी फिरवलेलं तिला त्याहून आवडलं नसतं. "चालू होती. तो गेल्यावर कितीतरी वेळ चालू होती."

"पंखा?"

"पंखा संध्याकाळपर्यंत चालू."

"ऐकलंत? पंखा चालू आणि नागीण हलायची थांबली, कारण तिच्या पोटात वजन आलं. ते आलं प्रज्ञेश गेल्यावर. तो तेव्हा बमरोलीच्या वाटेवर होता, आणि तुम्ही चौघांनी त्याला कारखान्याच्या फाटकातूनच धरून आणला. छगनभाई, ज्या बाईच्या शब्दावर तुम्ही त्याला चोर ठरवलंत, तिच्याच शब्दावर तो सुटतो."

छगन बायकोकडे असं बघत होता जणू तिनं त्याच्याच घरातलं काही चोरलं होतं.

"मग राहिले दोघं. योगेश आणि दत्तू. योगेशनं काढला असता तर प्लग फुटला नसता. तुम्ही त्याला कितीही शिव्या द्या, त्याचा हात मशीनमध्ये चुकत नाही."

"माझ्यावर काय पुरावा आहे?" दत्तू म्हणाला. "दोघांमधला एक वजा केला की दुसरा चोर?"

"नाही. तुझ्या हातानंच पुरावा दिलाय."

तिनं उघडलेल्या थरांमध्ये बोट फिरवलं आणि वर धरलं. बोटाला पांढरी, ओली तार आली.

"हा पांढरा गम. कालपासून ओला आहे, कारण फोमच्या दोन थरांमध्ये वारा जात नाही, तो वाळणार कुठून? अख्खी तलवार सोल्युशननं जोडलेली आहे, आणि सोल्युशनचा डबा त्या कोपऱ्यात उघडा पडला होता, जाऊन बघा. कोणीही तोच उचलला असता. पण ज्याचं मखर त्या सोल्युशननं खाल्लं, त्याचा हात त्या डब्याकडे जात नाही. त्याला वाटलं, फोम काय आणि थर्माकोल काय, हेही खाईल आणि तलवारीला भोकं पडतील. म्हणून नवी बाटली फोडली. आणि गम वाळेपर्यंत थर धरून राहावेत म्हणून..."

तिनं कडेतून दोन टाचण्या ओढून काढल्या. तिरप्या खुपसलेल्या, डोकं आत दाबलेलं. सगळ्यांनी एकदमच वर, दर्शनी भागातल्या '५०' कडे बघितलं. दत्तूच्या ओठांत अजून दोन टाचण्या होत्या. त्या काढायचं त्याला सुचलं नाही.

"प्रज्ञेशनंच मुद्दाम लावला असेल गम," तो म्हणाला. "माझ्यावर यावं म्हणून."

"दुसऱ्यावर आणायचं असतं तर त्यानं बोर्ड तुझ्या शून्यात लपवला असता. स्वतःच्या तलवारीत नाही."

आता मात्र दत्तूनं टाचण्या थुंकल्या. "हो, मी ठेवला. या गल्लीतला प्रत्येक गणपती माझ्या हाताखालून गेला. एक मूठ मोडली तर सगळे दात काढून हसले, आणि मंडळवाले काल सांगतात, यंदाच्या देखाव्याची शस्त्रं प्रज्ञेशला द्या. चपला चिकटवणाऱ्याला! त्याचं नाव निघायला नको होतं मला इथं, बस."

७

छगननं दत्तूच्या मुस्काटात दिली, एकच. मग तो बोर्ड घेऊन योगेशपाशी गेला, बसतो का बघ, म्हणाला, आणि बसतो असं कळल्यावर त्याचा चेहरा चांगलाच निवळला. शटर त्यानं अर्धं खाली ओढलं. गर्दीचे पाय तेवढे बाहेर दिसत राहिले.

"व्हयनं ते व्हयनं, बेन," तो हळू आवाजात म्हणाला. "चुकी व्हई गई. दत्तू आपला गावकडना पोऱ्या शे, डोकानी उलटा. समजाडी देसू त्याले."

"समजावणार?" विशाखा म्हणाली. "सकाळी माझ्या भावाला चौकी, आणि आता दत्तूला समजावणी?"

"आता सणना दिन चौकी कशाले?"

"सणाचा दिवस सकाळीही होता."

छगननं टोकनांचं खोकं जवळ ओढलं. लाज त्याला वाटतच नव्हती. विशाखाला वाटलं, आता सगळं बोलावं, महिनाभराचं आणि त्याआधीचंही, लहानपणापासूनचं. पण प्रज्ञेश पुढं झाला. त्यानं वाकून शटर धरलं आणि खडखडत पार वर केलं. गल्ली जशीच्या तशी उभी होती. मग त्यानं काउंटरवरची नागीण उचलली, खांद्यावर घेतली आणि सोल्युशनचा डबा दुसऱ्या हातात घेतला.

"अरे, ती राहू दे ना," छगन म्हणाला. "पोऱ्या येतीन आता. तिनाकरताच येतीन. चिकटाडी दे आठेच आणि टांगी दे."

"तुमच्या दुकानावर माझा भरोसा नाही, छगनभाई," प्रज्ञेश म्हणाला.

ओठ सुजलेला होता, तरी शब्द गल्लीच्या टोकापर्यंत गेले. कोणी हसलं नाही. विशाखानं तलवारीचं शेपूट धरलं आणि दोघं चालायला लागली. उधना रोडवरून एक टेम्पो भरधाव गेला, त्याच्या वाऱ्यानं नागीण दोघांच्या हातांत जोरात हलली.

घरी आल्यावर त्यानं ओला गम फडक्यानं पुसून काढला आणि दोन्ही थरांना सोल्युशन लावलं. घरभर वास झाला. विशाखानं नाकाला पदर लावला नाही. पुडीतला पेढा त्याला दिला, तो त्यानं तोंडाच्या बऱ्या बाजूनं खाल्ला.

"पोरखेळ म्हटलं मी याला," ती म्हणाली. "चुकलं माझं."

"हं," तो म्हणाला आणि बोटानं थर चाचपला. अजून चिकटत होतं.

संध्याकाळी पोरं छगनच्या दुकानात गेली आणि तिथून या चाळीत आली, एकामागून एक, दाराशी गर्दी करून. मंदाबाईची दोघंही त्यांत होती. नागीण पलंगावर पसरली होती आणि तिला हात लावायची कोणाची छाती होत नव्हती.

"बेन, दुकानात नुसत्या दोऱ्या लटकल्यात," एका पोरानं विचारलं. "नागीण इथं का आणली?"

"छगनभाईंना विचारा," विशाखा म्हणाली. "मोठ्यानं विचारा."